सकाळी सेल्फ मारल्यावर धूर: जुन्या डिझेल इंजिनाचं दुखणं अंगणातच कसं ओळखावं

खानापूर तालुक्यातली एखादी जुनी डिझेल जीप सकाळी सात वाजता अंगणभर धूर करते. मालक वैतागतो आणि गाडी तशीच हाणत बेळगावला उद्यमबागेत आणतो. पोचेपर्यंत इंजिन तापलेलं असतं, धूर गायब. मेस्त्री बॉनेटवर हात टेकून विचारतो, ‘‘कुठं हाय धूर, मामा?’’ मग अंदाजपंचे काम सुरू होतं. आधी हीटर प्लग (थंड सिलिंडर तापवणारा), मग नोझल (सिलिंडरात डिझेल फवारणारं), मग पंप. थंड इंजिनाचं दुखणं थंड इंजिनावरच दिसतं, म्हणून पहिली तपासणी घरीच झाली पाहिजे.

इथं ‘जुनं इंजिन’ म्हणजे डिझेलचा पंप मेकॅनिकल असलेलं: जीप, ट्रॅक्टर, विहिरीवरचं पंपाचं इंजिन. कॉमन रेल गाड्यांना यातला डिझेलचे पाइप सैल करण्याचा भाग अजिबात लागू नाही. त्यांच्या रेलमध्ये, म्हणजे सगळ्या नोझलना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक पाइपात, हजार बारच्या वर दाब जाऊ शकतो, तिथं पान्याला हातसुद्धा लावायचा नाही.

आदल्या रात्री

गाडी उघड्यावर, सपाट जागी लावा. बंद गोठ्यात किंवा शेडमध्ये ही तपासणी नको, धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला वास नसतो. ऑइलची पट्टी आणि रेडिएटरचं पाणी बघून दोन्हीच्या पातळ्या लिहून ठेवा. सकाळी लागेल ते जवळ ठेवा: पांढरा कागद, मल्टीमीटर, बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प, मोबाइल आणि सेल्फ मारायला घरातला कुणीतरी. स्वतः सेल्फ मारत बसलात तर सायलेन्सरकडे बघणार कोण?

पहिला मिनिट

व्हिडिओ सुरू करा आणि मग सेल्फ मारायला सांगा. तीन गोष्टी टिपायच्या: रंग, वास आणि किती वेळ. रंग एकटा फसवतो. कोवळ्या उन्हात पांढरा धूर निळसर दिसतो आणि लोक उगाच रिंग-पिस्टनच्या खर्चाला घाबरतात. त्यामुळे कागद सायलेन्सरच्या तोंडापासून हातभर अंतरावर मिनिटभर धरा. पाण्याचे थेंब वाळून जातात. डिझेलचा ठिपका पारदर्शक दिसतो, त्याला डिझेलचाच वास येतो आणि तो हळूहळू उडतो. इंजिन ऑइलचा तपकिरी तेलकट डाग तसाच राहतो.

पांढरा, डोळ्यांना झोंबणारा

सगळ्यात जास्त दिसतो तो हाच. हा धूर म्हणजे न जळालेलं डिझेल. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच डिझेल पेटतं. सिलिंडर थंड, दाब कमी किंवा फवारा जाडाभरडा असेल, तर डिझेलची नुसती वाफ होऊन बाहेर पडते.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, थंडीच्या दिवसांत पहाटे पारा १३-१४ अंशांपर्यंत उतरतो. ही थंडी स्वेटर घालण्याइतकी आहे, पण डिझेलच्या दृष्टीनं फार नाही. अर्ध्या-एक मिनिटात विरणारा धूर जुन्या इंजिनाला माफ. तीन-चार मिनिटं टिकला, किंवा एप्रिलमध्येही येत असेल, तर थंडीवर ढकलू नका.

तपासणीचा क्रम स्वस्तापासून महागाकडे ठेवा. आधी बॅटरी. सेल्फ फिरताना बॅटरीवर मल्टीमीटर लावा. आकडा साडेनऊ व्होल्टच्या खाली जात असेल तर इंजिन संथ फिरतंय आणि हवा पुरेशी तापत नाही. गंजलेलं टर्मिनल आणि सैल झालेली अर्थिंगची वायर हीसुद्धा नेहमीची कारणं आहेत.

मग हीटर प्लग, पण ते तुमच्या इंजिनात आहेत का ते आधी बघा. प्री-चेंबरच्या (डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटतं अशा) जीप इंजिनांना असतात, बहुतेक ट्रॅक्टरना नसतात. प्लग जोडणारी पट्टी सोडवा. टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं प्लगच्या शेंड्याला लावा. दिवा लागला तर प्लगची तार शाबूत आहे, नाही लागला तर प्लग गेला. सगळे प्लग चांगले निघाले तर पट्टी परत जोडा, किल्ली हीटरवर ठेवा आणि पट्टीवर करंट येतो का ते बघा. अनेकदा दोष रिलेमध्ये असतो.

तिसरी गोष्ट म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये शिरणारी हवा. मी स्वतः यातच फसलो होतो. माझ्या जुन्या गाडीला रोज सकाळी दहा-बारा सेकंद सेल्फ मारावा लागायचा आणि मग पांढरा लोट उठायचा. एका गॅरेजात चारही हीटर प्लग बदलून झाले, फरक शून्य. शेजारचे तात्या आयुष्यभर ट्रॅक्टर चालवलेले. ते म्हणाले, ‘‘गाडी रोज चढाकडं तोंड करून लावतोस. आज उताराकडं लाव बघू.’’ लावली, आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या सेल्फला इंजिन सुरू! टाकी मागच्या बाजूला होती. तोंड वर असलं की रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरायचं आणि त्याच्या जागी हवा शिरायची. हवा शिरत होती ती नोझलवरच्या बारीक रिटर्न पाइपच्या (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या) चिरेतून. चीर नखाएवढीसुद्धा नव्हती. तुम्हीही हा प्रयोग एकदा करा. फरक पडला तर फिल्टर ते पंप यांच्यामध्ये तात्पुरती पारदर्शक नळी घाला. तिच्यात बुडबुडे दिसले तर हवा टाकीच्या बाजूनं येतेय. बॅन्जो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) वॉशर, टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप, रबरी नळ्या एकेक करत बघत जा. रिटर्न पाइपची तपासणी वेगळीच करावी लागते: पुसून कोरडा करायचा आणि इंजिन चालू असताना कुठं ओल येते ते बघायचं.

डिझेलही तपासा. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात पिंपात साठवलेल्या डिझेलमध्ये पाणी हमखास उतरतं. फिल्टरखालचा नळ सोडून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल घ्या, पाणी असेल तर तळाशी बसतं.

एवढं करूनही धूर राहिला आणि इंजिन सुरुवातीला लंगडत असेल, तर एखादं नोझल थेंब गाळतंय किंवा एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन (हवा दाबून धरण्याची ताकद) गेलंय. इंजिन आयडलला ठेवून नोझलकडच्या पाइपचा नट अर्धा फेरा सैल करा, एका वेळी एकच. वर कापड धरा, डोळ्यांना चष्मा लावा. चांगल्या सिलिंडरचा नट सैल केला की इंजिन आणखी लंगडतं. एखाद्याचा सैल करूनही आवाज बदलला नाही आणि उलट धूर कमी झाला, तर चोर तिथंच आहे. नोझल बाहेर काढून फवारा बघण्याचा मोह मात्र टाळा. तो कातडी फोडून आत जातो, आणि जखम सुईएवढी दिसली तरी लगेच इस्पितळ गाठावं लागतं. हे काम नोझल टेस्टिंगवाल्याचं.

सगळे सिलिंडर सारखेच धूर करत असतील तर पंपाचं टायमिंग (डिझेल सोडण्याची वेळ) मागं पडलंय का ते विचारा, विशेषतः नुकताच पंप उतरवून बसवला असेल तर.

पांढराच, पण झोंबत नाही

हिवाळ्यात सायलेन्सरमध्ये साठलेल्या पाण्याची थोडी वाफ येतेच. इंजिन तापल्यावरही ती थांबत नसेल, गोडसर वास येत असेल आणि रेडिएटरचं पाणी रोज कमी होत असेल, तर हेड गॅस्केटवर (इंजिनाच्या हेडखालच्या पॅकिंगवर) संशय घ्या. इंजिन पूर्ण थंड असतानाच रेडिएटरचं झाकण काढा, मग सुरू करा. बुडबुडे सतत येत राहिले किंवा ऑइल दुधाळ दिसलं तर गाडी चालवू नका, टो करून न्या.

निळा

निळा म्हणजे ऑइल जळतंय. सुरू केल्यावर एक निळा लोट येऊन मग साफ होत असेल, तर बहुधा व्हॉल्व्ह सील गेलीत. रात्रभर ऑइल व्हॉल्व्हच्या दांडीवरून खाली झिरपलेलं असतं. मात्र धूर थांबतच नसेल, भार आल्यावर वाढत असेल आणि ऑइलचं झाकण काढल्यावर तिथूनही भकाभक धूर येत असेल, तर रिंगा-लायनर झिजलेत. तरी त्याआधी दोन फुकटच्या गोष्टी बघा. ऑइल पट्टीवरच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त भरलंय का? आणि ट्रॅक्टरला ऑइल-बाथ फिल्टर असेल तर त्याच्या वाटीत खुणेपेक्षा जास्त ऑइल ओतलंय का? जादा ऑइल इंजिन सरळ आत ओढतं. धूर तर येतोच, पण त्या ऑइलवर इंजिन बेफाम सुटूही शकतं, किल्ली बंद करून थांबत नाही. अशा वेळी हवेचं तोंड फळीनं बंद करायचं, हातानं नाही.

काळा

सुरू होताना एक काळा फुगारा चालतो, जुने पंप सुरुवातीला मुद्दाम जादा डिझेल देतात. नंतरही काळाच राहिला तर एअर फिल्टर काढून बघा. ऊसतोडीच्या हंगामात तो धुळीनं बुजतोच. फिल्टर साफ असेल तर नोझल आणि पंपाचं कॅलिब्रेशन. पाटी केए-२२ असो नाहीतर एमएच-०९, बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा ६५ एचएसयू (हार्ट्रिज स्मोक युनिट, धुराच्या दाटपणाचं माप) आहे. पण ती पीयूसीची चाचणी तापलेल्या इंजिनावर होते, त्यामुळे सर्टिफिकेट मिळालं म्हणून सकाळचं दुखणं बरं झालं असं होत नाही.

एक सवय मात्र सोडाच: इंजिन लवकर धरत नाही म्हणून हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरणं किंवा हीटर प्लग तापलेले असताना ईथरचा फवारा मारणं. पिस्टन फुटतात, हातही भाजतात.

गॅरेजात न्यायची वेळ आली तर व्हिडिओ दाखवा आणि कॉम्प्रेशन गेज लावायला सांगा. धडधाकट इंजिनात साधारण २५ ते ३० बार मिळतात. सिलिंडरांमध्ये ३ बारपेक्षा जास्त फरक असेल तर दोष कमी आकड्याच्या सिलिंडरात. हे आकडे कागदावर आल्याशिवाय हेड खोलायला होकार देऊ नका. आणि गाडी आदल्या संध्याकाळीच गॅरेजात लावून या, सकाळचा पहिला सेल्फ मेस्त्रीच्या समोर लागू दे.