फरशीची माती पारखायची तर चुनखडीचा खडा शोधा

'मातीची वळी करून बोटाला गुंडाळा, तुटली नाही तर माती फरशीला चालते,' असं सांगणाऱ्याने स्वतः भट्टी कधी उघडलेली नसते. वळी फक्त चिकटपणा सांगते. त्या परीक्षेत आपली काळी माती पहिल्या नंबरात येते आणि वाळताना भेगाळून सगळ्यात आधी नापास होते.

म्हणून आकसणं मोजा. मळलेल्या मातीच्या पट्टीवर १०० मिलिमीटरची रेघ ओढा, सावलीत वाळवा. रेघ ९२ वर आली तर आकसणं ८ टक्के. त्याच्या पुढची माती मी एकटी वापरत नाही, विटांचा चुरा घालतो.

आता चुनखडी. इथे मी पोळलोय. मृगाच्या तोंडावर काढलेली माझी पहिली मोठी भट्टी सुरेख निघाली, टिचकी मारली की फरशी खणखणायची. दमट हवा लागली आणि आठवड्यात आठ-आठ आण्यांएवढे टवके उडाले. प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. चुनखडीचा खडा ८०० अंशांच्या पुढे भाजला की त्याची चुनकळी, म्हणजे न विझवलेला चुना, होते. पाण्यात टाकलेली कळी कशी फुलते ते आठवा. फरशीच्या पोटात हवेतली ओल पिऊन ती तशीच फुलते आणि वरचा पापुद्रा उडवते.

लोक ढेकळावर ॲसिड टाकतात, फेस आला की अख्खा ढीग नाकारतात. चूक! पिठासारखा मिसळलेला चुना टवके उडवत नाही, खडा उडवतो. किलोभर माती रात्रभर भिजवा, अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुवा आणि वर उरलेल्या कचावर ॲसिड टाका (उघड्यावर, हातमोजे घालून). कच फसफसला तर सगळी माती त्याच चाळणीतून गाळायची तयारी हवी, नाहीतर तिचा नाद सोडा.

मग नमुना ९५० अंशांपर्यंत भाजा, पण भट्टीच्या तोंडाशी निकाल देऊ नका. मी तुकडे इडलीपात्रात दोन तास वाफवतो. घरात त्यावरून भांडण झालं, आता वेगळं पात्र आहे. लपलेला खडा वाफेत उघडा पडतो.

शेवटी पाणी: कोरडा तुकडा तोला, दोन तास उकळा, त्याच पाण्यात निवू द्या, पुसून पुन्हा तोला. २०० ग्रॅमचा २२४ झाला तर शोषण १२ टक्के. भिंतीला ठीक, न्हाणीच्या जमिनीला मी देत नाही.

आणि ट्रकवाला 'तीच माती आहे, शेठ' म्हणाला तरी चाळणी पुन्हा काढा. खाणीत हातभर खाली थर बदलतो.