वस्तीतल्या कामासाठी निधी मागताना या चुका टाळा

वस्तीत वर्षानुवर्षं मन लावून काम करणारी संस्था निधीसाठी अर्ज करते आणि तो पहिल्याच छाननीत बाजूला पडतो. याचं फार वाईट वाटतं, कारण काम चोख असतं आणि अडतं ते कागदावर. स्थानिक न्यासांकडे आलेले असे अर्ज मी वाचले आहेत, छोट्या संस्थांबरोबर बसून लिहिलेही आहेत. टाळता येण्यासारख्या चुकीमुळे एखाद्या वस्तीतली अभ्यासिका बंद पडावी, हे मला मान्य नाही.

कम्युनिटी फाउंडेशन म्हणजे एका शहरातल्या अनेक देणगीदारांचा पैसा एकत्र करून त्याच शहरातल्या संस्थांना देणारा न्यास. अमेरिकेत क्लीव्हलंड शहरात फ्रेडरिक गॉफ या बँकरने १९१४ मध्ये ही पद्धत सुरू केली. मुंबईत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट उभा राहिला. आपल्याकडे असे न्यास मोजकेच आहेत, त्यामुळे संस्था कौटुंबिक ट्रस्ट, रोटरी क्लब आणि कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक कामासाठीचा निधी) या सगळ्यांचीच दारं ठोठावतात. अर्ज कुठेही करा, अडकायच्या जागा जवळपास त्याच असतात.

चुका अर्जाच्या आधीच झालेल्या असतात

समितीसमोर तुमचा अर्ज जाण्यापूर्वी कार्यालयातलं कोणीतरी कागदपत्रं तपासतं: नोंदणी प्रमाणपत्र, परिशिष्ट एकचा उतारा (धर्मादाय कार्यालयातली नोंद, ज्यात विश्वस्तांची नावं असतात), संस्थेची घटना, पॅन, आयकराची १२एबी (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करवजावट) नोंदणी, तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशोब, स्वयंसेवी संस्थांसाठीच्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक. बहुतेक अर्ज इथेच थांबतात.

सगळ्यात जास्त वेळा आढळणारी अडचण म्हणजे न झालेला चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची धर्मादाय कार्यालयाला द्यायची माहिती. संस्थापक अध्यक्ष वारले, सभेत नवे अध्यक्ष निवडले, बँकेतल्या सह्यासुद्धा बदलल्या, पण धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत जुनीच नावं राहिली. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे असा बदल ९० दिवसांत कळवावा लागतो. अर्जावर सही करणाऱ्याचं नाव उताऱ्यातच नसेल तर न्यासाने करार कोणाशी करायचा? मुदत उलटली असेल तर विलंब माफीच्या अर्जासह चेंज रिपोर्ट आजच दाखल करा. निधीच्या अर्जाला त्याची पोच, सभेचं इतिवृत्त आणि ठरावाची प्रत जोडा आणि काय प्रलंबित आहे ते दोन ओळींत लिहा. धर्मादाय कार्यालयातली प्रकरणं रेंगाळतात हे समितीतल्या लोकांना माहीत असतं, ते समजून घेतात. लपवलेली गोष्ट नंतर कळली तर मात्र पुन्हा दार उघडत नाही.

नावाचंही तसंच. नोंदणीत एक नाव, पॅनवर शेवटी ‘ट्रस्ट’ जोडलेलं, बँकेत गावाचं नाव गाळलेलं. तीनही कागद शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. दुरुस्तीला महिने जातात, म्हणून हे अर्जाची जाहिरात येण्याआधी करायचं काम आहे.

घटनेतले उद्देशही एकदा वाचून काढा. अनेक जुनी मंडळं क्रीडा आणि सांस्कृतिक कार्यासाठी नोंदलेली आहेत. आज ती वस्तीत आरोग्य शिबिरं घेतात, मुलींसाठी अभ्यासिका चालवतात, पण घटनेत शिक्षण नाही आणि आरोग्यही नाही. उद्देशाबाहेरच्या कामाला न्यास पैसे देऊ शकत नाही.

आयकराच्या बाबतीत एक तारीख अनेकांच्या लक्षात राहत नाही. २०२१ मध्ये सगळ्या जुन्या संस्थांना १२एबीखाली नव्याने नोंदणी करावी लागली आणि ती पाच वर्षांचीच होती. ‘आमची १२ए (आधीची नोंदणी) कायमची आहे’ असं अजूनही ऐकू येतं. तसं राहिलेलं नाही. बऱ्याच संस्थांची ती पाच वर्षं ३१ मार्च २०२६ पर्यंतची, आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या सहा महिने आधी करायचा. २०२५ मधल्या बदलानुसार, अर्जाआधीच्या दोन्ही वर्षांत ज्यांचं उत्पन्न ५ कोटी रुपयांच्या आत आहे अशा संस्थांना नूतनीकरण १० वर्षांसाठी मिळू शकतं. म्हणजे जवळपास सगळ्या वस्ती-संस्था यात बसतात. आपल्या प्रमाणपत्रावरची तारीख आज पाहा आणि सीएंना फोन करा. सीएसआर हवा असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाकडचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांकही लागतो. १ एप्रिल २०२१ पासून तो नसेल तर कंपनी इच्छा असूनही पैसे देऊ शकत नाही.

खरा खर्च न मागणं

ही चूक सद्भावनेतून होते आणि संस्थेला आतून पोखरते. ‘कमी मागितलं तर नक्की मिळेल’ असं वाटून खर्च छाटला जातो.

समजा, साठ मुलांची अभ्यासिका आहे. दोन शिक्षिकांना दरमहा ९,००० रुपये मानधन धरलं तर वर्षाचे २,१६,००० होतात. खोलीचं भाडं दरमहा ५,००० म्हणजे ६०,०००. वह्या, पुस्तकं, खाऊ यांचे २४,०००. झाले ३ लाख, आणि अर्ज तेवढ्याचाच जातो. पण या शिक्षिकांना प्रशिक्षण कोण देतं? पालकसभा कोण घेतं? एखादं मूल आठवडाभर आलं नाही तर त्याच्या घरी कोण जातं? एक समन्वयक हे करते. तिचा चौथा हिस्सा वेळ या कामात जातो आणि पगार २०,००० असेल तर त्याचे वर्षाला ६०,००० होतात. हिशोबनीस आणि ऑडिटचा वाटा २५,०००, प्रवास आणि फोन १५,०००. खरा खर्च ४ लाख.

वरचा लाख दर वर्षी कुठून येतो, हे संस्थेतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. समन्वयक दोन महिने पगार उशिरा घेते, कोणी विश्वस्त स्वतःच्या खिशातून भाडं भरतात. ही झीज कुठल्याच अहवालात दिसत नाही, आणि पुढच्या वर्षी न्यास विचारतो की मागच्या वेळी ३ लाखांत झालं, मग आता ४ कशाला? तेव्हा उत्तर देणं अवघड जातं. पहिल्याच अर्जात चारही लाख दाखवा. न्यास तीनच देणार असेल तर उरलेला लाख कुठून आणणार आहात ते लिहा: लोकवर्गणी, दुसरी देणगी, शुल्क, जे असेल ते. दर मुलामागे वर्षाला साधारण ६,७०० रुपये पडतात, हेही सांगा. हा आकडा लाजण्यासारखा मुळीच नाही.

‘सीएसआरमध्ये प्रशासनाला पाचच टक्के चालतात’ असं सांगून पगाराची रक्कम कापली जाते, तेव्हा नम्रपणे नियम दाखवा. ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कामाच्या सर्वसाधारण प्रशासकीय खर्चाला आहे. वस्तीत शिकवणाऱ्या बाईंचं मानधन हाच प्रकल्प आहे, ते प्रशासनात मोडत नाही. एखादा न्यास स्वतःच्या धोरणाने मर्यादा घालू शकतो, तो त्याचा अधिकार. कायदा म्हणून ती सांगितली गेली तर गप्प बसू नका.

‘गरीब आणि गरजू’ म्हणजे नेमकं कोण?

जवळजवळ प्रत्येक अर्जात हे शब्द असतात आणि त्यातून काहीच कळत नाही. वस्तीत किती घरं आहेत, किती कुटुंबं भाड्याने राहतात, बायका धुणीभांडी करतात की कचरा वेचतात, पुरुष नाक्यावर उभे राहतात की माथाडी आहेत, पाणी दिवसातून किती वेळ येतं, हे लिहा. शंभर घरांत फिरून केलेलं स्वतःचं साधं सर्वेक्षण हे इंटरनेटवरून उतरवलेल्या देशभराच्या आकडेवारीपेक्षा समितीला कितीतरी जास्त पटतं.

लाभार्थी ठरवताना ‘फक्त पिवळं रेशनकार्ड’ अशी अट घालू नका. राज्यात १९९९ पासून तीन रंगांची शिधापत्रिका आली तेव्हा पिवळ्या कार्डाची वार्षिक उत्पन्न मर्यादा १५,००० रुपये होती आणि केशरी कार्डाची १ लाख. आज शहरात रोजंदारीवर जगणारं कुटुंबसुद्धा पंधरा हजारांच्या वर असतं. शिवाय गावाकडून आलेल्या अनेकांचं कार्ड अजून गावीच असतं, आणि भाडेकरूंकडे कित्येकदा नसतंच. अशी अट घातली की सगळ्यात अडलेली माणसंच बाहेर राहतात. एकल महिलेचं घर, कमावत्याचं आजारपण, भाड्याची खोली अशा दिसणाऱ्या खुणा धरा, आणि त्या कशा पडताळणार तेही सांगा.

सरकारी योजना असताना तुमची गरज काय?

हा प्रश्न समितीत हमखास येतो. गरीब रुग्णांच्या उपचारासाठी पैसे मागणारे अर्ज इथे कोसळतात. ठरावीक आजारांवर मोफत उपचार देणारी राज्य सरकारची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. त्याशिवाय मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केलेल्या योजनेनुसार राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १,८०,००० आणि दुर्बल घटकांसाठी ३,६०,००० रुपये आहे.

खाट राखीव असली तरी ती मिळवता येत नाही, ही वस्तीतली खरी अडचण आहे. उत्पन्नाचा दाखला नाही, तलाठी किंवा तहसील कार्यालयात खेपा घालायला रोजगार बुडतो, रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्याला कुठे भेटायचं ते माहीत नाही. मग उपचाराच्या पैशांऐवजी एका आरोग्यसाथीचा पगार मागा, जी रुग्णाबरोबर जाईल, दाखला काढून देईल, खाट मिळेपर्यंत उभी राहील. तिच्या पगाराच्या कितीतरी पट किमतीचे उपचार त्यातून होतात. असा अर्ज मला वाचायला मिळाला तर मी समितीत त्याच्यासाठी भांडेन.

शिक्षण, रेशन, निराधारांचं अनुदान, बांधकाम कामगारांची नोंदणी, सगळीकडे असंच आहे. योजनेचं नाव घ्या, ती कुठे अडते ते दाखवा आणि तिथेच आपलं काम ठेवा.

आकडे

‘५०० मुलांना लाभ’ यावर कोणाचा विश्वास बसत नाही. साठ मुलं रोज येतात, हे खरं असेल तर तेवढंच लिहा. सुरुवातीला प्रत्येक मुलाचं वाचन तपासा. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांची ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाची चाचणी सोपी आहे, मराठीत उपलब्ध आहे आणि बारावी शिकलेली ताईसुद्धा ती घेऊ शकते. सहा महिन्यांनी पुन्हा घ्या. साठातली किती मुलं एक पायरी वर गेली, एवढ्यावर अर्ज उभा राहतो. सुरुवातीची नोंदच नसेल तर वर्षअखेरीला कितीही छान बदल झालेला असो, तो दाखवता येत नाही.

पैसे आल्यावर

पहिला हप्ता आला की वेगळं लेजर उघडा. प्रत्येक बिलावर प्रकल्पाचं नाव आणि मंजुरीची सही घ्या. भाजीवाल्याचं किंवा रिक्षाचं बिल मिळत नसेल तर व्हाउचर करा, पण त्याच दिवशी. वर्षअखेरीस बसून केलेली व्हाउचर एकाच पेनाने लिहिलेली असतात आणि ते लगेच दिसतं.

ठरल्यापेक्षा वेगळा खर्च करावा लागला, शिक्षिका सोडून गेली, महापालिकेने वस्तीच हलवली, तर अहवालाची वाट पाहू नका. ई-मेल करा, परवानगी मागा. आधी विचारणाऱ्याला बहुतेक न्यास ‘हो’ म्हणतात. हाच पैसा न विचारता दुसऱ्या शीर्षाखाली गेला की विनियोग प्रमाणपत्र (पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) देताना सीए अडतात आणि दुसरा हप्ता थांबतो. ८०जीखाली मिळालेल्या देणग्यांचं १०बीडी विवरणपत्र ३१ मेपर्यंत भरायचं असतं. ते राहिलं तर देणगीदारांना वजावट मिळत नाही आणि ते पुढच्या वर्षी येत नाहीत.

परदेशी पैशाबाबत फार जपा. अमेरिकेतला भाचा प्रेमाने संस्थेच्या नेहमीच्या खात्यात पैसे पाठवतो. त्याचा पासपोर्ट भारतीय असेल आणि पैसा स्वतःच्या बचतीतला असेल तर तो परकीय निधी ठरत नाही. तो अमेरिकी नागरिक झाला असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असूनही एफसीआरए, म्हणजे परकीय निधीच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय ती रक्कम घेता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएखाली आलेला निधी एका संस्थेने दुसरीला देणंही बंद झालं आहे, त्यामुळे ‘आमच्या मोठ्या संस्थेमार्फत घ्या’ हा मार्ग उरलेला नाही. नागरिकत्व विचारताना संकोच वाटतो, तरी विचारा.

देणाऱ्यांनाही थोडं

दोन लाखांच्या अनुदानासाठी चाळीस पानांचा इंग्रजी अर्ज मागणं अन्यायाचं आहे. वस्तीत राहून काम करणाऱ्या ताईला आपलं काम मराठीत उत्तम मांडता येतं. इंग्रजीची अट घातली की निधी चांगलं इंग्रजी लिहिणाऱ्यांकडे जातो. आधी खर्च करा, मग बिलं देऊन पैसे घ्या, ही पद्धतही छोट्या संस्थेला कर्जात ढकलते. निम्मी रक्कम आगाऊ द्यावी. आणि नकार कळवताना कारण द्यावं, एक ओळ पुरते.

ते कारण आलं नाही तर तुम्हीच फोन करा. नाराजी न दाखवता तीन गोष्टी विचारा: अर्ज कुठल्या टप्प्यावर थांबला, कशात कमी पडला, पुढचे अर्ज कधी मागवणार. उत्तरं फाइलमध्ये लिहून ठेवा, कारण वर्षभरात तुमच्याकडचा माणूस बदललेला असतो. मधल्या काळात त्या न्यासाला एकदा वार्षिक अहवाल पाठवा आणि वस्तीत यायचं बोलावणं करा. येतील त्यांना अभ्यासिकेच्या वेळेत बोलवा, मुलं बसलेली असताना.