पायाकडचं कापड

थाई परंपरेवर प्रोजेक्ट करायचाय, सुरुवात कुठून करू, असं फॅशन डिझाइनची ज्युनिअर मुलं विचारतात तेव्हा मी एकच सांगते: एक साधं सुती फासिन (थाई बायका कमरेला नेसतात ते नळीसारखं शिवलेलं वस्त्र) विकत घ्या आणि आठवडाभर नेसा. त्यात जिने चढा, जमिनीवर बसा, ते धुवा, वाळत घाला. मूडबोर्ड, कलर स्टोरी, सिल्हूट तुम्हाला येतंच, त्याबद्दल मी काही सांगत नाही. मी नेसायच्या आधी कापायला घेतलं आणि थायलंडला एक्स्चेंजवर मिळालेली अख्खी सेमिस्टर हातातून घालवली. आजही ते आठवलं की पोटात कालवतं.

चियांग माईच्या बाजारात मला एक जुनी पट्टी मिळाली होती. वीतभर रुंद, काळ्या सुतावर पिवळ्या-नारिंगी चौकटींच्या आत चौकटी, खालच्या कडेला लाल पट्टा. दुकानदार बाई म्हणाली, "तीन चोक, मे चेम." मे चेम हे दोइ इन्थानोन डोंगरापलीकडचं खोरं, तिथलं हे विणकाम प्रसिद्ध आहे. चोक म्हणजे उपसून काढणं. साळिंदराच्या काट्याने ताण्याचे, म्हणजे मागावर लांबीत ताणलेले, धागे उचलायचे आणि रंगीत सूत नक्षीपुरतंच भरायचं. विणताना सुलट बाजू खाली असते, गाठी वर मारतात. इतकं सगळं मी वाचून ठेवलं होतं. "तीन" या शब्दाकडे मात्र लक्ष दिलं नाही. मराठी कानाला तो आकडा वाटला, पट्टीवर नक्षीच्या तीन ओळी दिसत होत्या, झालं. मी तसंच समजून चालले.

ती पट्टी मी कापली आणि जॅकेटच्या खांद्यांवर व कॉलरला लावली. दिसायला सुंदर होती, ते मी आजही नाकारणार नाही. माझ्या मेंटॉरनी फोटो पाहून "छान" म्हटलं. ज्या मेंटॉरने कापड हातात घेतलेलं नाही, त्याच्या "छान"वर एक टाकासुद्धा घालू नका, असं माझं मत तेव्हापासून पक्कं झालंय. मार्कांसाठी ते "छान" पुरत असेल, कपड्यासाठी पुरत नाही.

फिटिंगला वर्गातली एक थाई मुलगी मॉडेल होती. तिने ते जॅकेट तीन-चार वेळा खांद्यांवरून दंडांवर घसरवलं. मी प्रत्येक वेळी वर ओढून टाचणी लावली. "ठीक आहे ना?" विचारलं तर हसून म्हणाली, "माय पेन राय." काही हरकत नाही. मला हायसं वाटलं.

मग मे चेमला गेले, विणकर बायकांसोबत जॅकेटचे फोटो काढायचे म्हणून. तिथल्या एका मे-उईने (उत्तरेकडे आजीला असंच म्हणतात) ते दोन्ही हातांनी घेतलं. बोलली काहीच नाही. चटईवर पसरलं, क्षणभर पाहिलं आणि उलटं फिरवलं. खांदे तिच्या गुडघ्यांकडे आले, कॉलर खाली गेली. मग पट्टीवरून तळहात फिरवून तिने सुरकुती काढली. तिच्या नातीने मला हळूच सांगितलं: तीन म्हणजे पाय.

आता हे नीट समजून घ्या, कारण मी इथेच फसले. फासिनचे तीन भाग असतात: हुआ, तुआ आणि तीन. डोकं, अंग, पाय. कमरेला खोचलं जातं ते डोकं, मधलं अंग आणि घोट्याशी येतो तो पाय. मे चेमच्या फासिनमध्ये ताणा अंगाभोवती आडवा फिरतो आणि मागाची रुंदी नेसल्यावर उंची होते. माग अरुंद, म्हणून वर डोकं आणि खाली पाय वेगळे जोडायचे. त्या कापडाला स्वतःचं शरीर असतं, आणि शरीरात वरचं-खालचं तिकडे फार पाळतात. बुद्धमूर्तीकडे पाय करून बसत नाहीत. जुन्या घरांत फासिन खालच्या दोरीवर वाळत घालतात, त्याखालून पुरुष जात नाहीत. चुकून कुणाला पाय लागला तर आपला हात आपोआप नमस्काराला जातो ना? मी तर पाय कापून गळ्याशी शिवला होता.

शब्दकोशात पाहिलं असतं तर कळलं असतं, असं तुम्ही म्हणाल. मी पाहिलं होतं. पाय या अर्थी शब्दकोशाने मला "थाओ" दिला, तो माणसांसाठीचा सभ्य शब्द. बँकॉककडच्या बोलीत माणसाच्या पायाला "तीन" म्हणणं असभ्य, म्हणून वर्गात तो कधी कानावर पडलाच नाही. थाई लिपीचा क्रम आपल्या क-ख-गशी जुळतो, संस्कृत-पालीतून आलेले शेकडो शब्द ओळखीचे लागतात, आणि त्यामुळे आपल्याला सगळंच कळतंय असं वाटायला लागतं. त्या ओळखीवर विसंबू नका. प्रत्येक भागाचं नाव फोडून विचारा: या शब्दाचा अर्थ काय, आणि तो आणखी कशाला वापरता?

आणि कुणी बोललं का नाही? थाईत याला "क्रेंग चाय" म्हणतात. आपल्या "भीड" या शब्दाच्या अगदी जवळचा. समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून गप्प राहणं. ती मुलगी मला फसवत नव्हती, माझी भीड राखत होती. म्हणून "हे ठीक आहे ना?" असं कधीच विचारू नका, उत्तर "हो" असंच येणार. कापडाचे तुकडे त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, "तुम्ही कुठे लावाल?" मग हातांकडे बघा. मॉडेल कपडा सारखा खाली ओढत असेल तर टाचणी लावायच्या आधी थांबा.

आणखी एक, कात्रीबद्दल. चोकचं सूत अखंड जात नाही, नक्षीपुरतंच असतं. मधून कापलं की टोकं सुटतात आणि वर्षानुवर्षं टिकलेली नक्षी धुण्यात जाते. फ्यूजिंग (मागून इस्त्रीने चिकटवायचं अस्तर) लावून भागेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. डिजिटल प्रिंटचा शॉर्टकट तर मला मुळीच पटत नाही. पॉलिस्टरवर छापलेली तीन चोक म्हणजे नुसतं चित्र. बुद्धाचं मस्तक कपड्यावर छापण्याचा विचारही मनात आणू नका, तिकडच्या लोकांना ते खरोखर लागतं.

घाबरवायचं नाहीये तुम्हाला. नवं करायला तिकडे कुणी अडवत नाही. 1960 साली राणी सिरिकित राजांसोबत अमेरिका-युरोपच्या दौऱ्यावर गेल्या, तेव्हा जुन्या पोशाखांचा अभ्यास करून नवे थाई पोशाख बेतले गेले. त्यांचे पुढे आठ प्रकार ठरले. पाश्चात्त्य कपडे फ्रेंच डिझायनर पिएर बालमँनी केले, थाई रेशीमही वापरलं. आठांतला रुएन तोन पाहा: बिनकॉलरचं पाच बटणांचं ब्लाउज, बाही कोपराखाली, म्हणजे शिवण पूर्ण आधुनिक. पण काठाची पट्टी असली तर ती पायाशीच. हे बघायला बँकॉकच्या राजवाड्याच्या आवारातलं राणी सिरिकित वस्त्रसंग्रहालय गाठा, 2012 पासून खुलं आहे. वही-पेन्सिल न्या आणि निदान दोन फेऱ्या मारा.

आपल्याला काही गोष्टी सोप्या जातात, त्याचा फायदा घ्या. चोंग क्राबेन म्हणजे पायांतून मागे नेऊन खोचलेलं कापड. ज्याने आजीचा काष्टा पाहिलाय त्याच्या हाताला ते पहिल्याच दिवशी जमतं. नान प्रांतातली लाय नाम लाय, वाहत्या पाण्याची नक्षी, धोटा आरपार न नेता प्रत्येक रंग आपापल्या जागी फिरवून विणतात. पैठणीचा पदर मागावर पाहिला असेल तर ती लगेच कळते. म्हणून पैठणी आणि नाम लाय एकाच ड्रेसमध्ये शिवायची मात्र गरज नाही. मला तरी अजून असा एकही ड्रेस पटलेला नाही.

रेशीम घेताना मोराचं चिन्ह बघा. सोनेरी मोर म्हणजे देशी किड्यांचं, हाताने काढलेलं आणि हातमागावर विणलेलं रेशीम. रुपेरी, निळा, हिरवा हे पुढचे दर्जे. इसानची (ईशान्य थायलंडची) मतमी, म्हणजे सूत आधी बांधून रंगवून मग विणलेलं कापड, घेतलीत तर पॅटर्न मांडायच्या आधी ताणा कुठल्या दिशेने जातोय ते तपासा. नेहमीच्या सवयीने ताणा उभा धरलात तर सगळी नक्षी आडवी पडेल.

माझं जॅकेट मी उसवलं. पट्टीचे तुकडे मे-उईच्या नातीने हाताने सांधून एका फासिनला लावून दिले. मशिनच्या सुईची भोकं अजून दिसतात. प्रोजेक्ट उशिरा गेला, मार्क कमी पडले, ते त्या वेळी फार लागलं. पण दुसऱ्या प्रयत्नात फासिन जसंच्या तसं ठेवून वर साध्या सुताचं जॅकेट केलं. तेच माझ्या पोर्टफोलिओच्या पहिल्या पानावर आहे, आणि पहिली नोकरी त्याच पानावर मिळाली.

मे चेमला जाल तर वाट पा देत या बौद्ध मंदिरात नक्की थांबा. तिथल्या एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या भित्तिचित्रांत बायका तीन चोक नेसलेल्या दिसतात. काठ घोट्यापासून किती वर आहे, चालताना कुठे दुमडतो, बसल्यावर कुठे जातो, ते वहीत उतरवून घ्या. भिंतीजवळ अंधार असतो, सकाळी लवकर जा.