हॅम्बुर्गला बोटी बघायच्या, तर आधी वास्को गाठा

बेळगावात समुद्र नाही. जर्मनीतल्या हॅम्बुर्गातही नाही, पण तिथं बंदर आहे! समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत, एल्बे नदीवर. चारशे मीटर लांबीची कंटेनर जहाजं नदीतून तिथवर येतात. शाळेच्या मोठ्या मैदानाला एक फेरी मारा, तेवढं ते एक जहाज. हे बघायला निघायचं तर पहिली तयारी वास्कोला. लोंढा, कॅसलरॉक करत रेल्वेनं जा, नाहीतर चोर्ला घाटानं गाडी काढा, आणि बंदराजवळच्या सडा भागात दुर्बीण घेऊन एक दिवस नुसतं बसा. जहाजाच्या मागच्या टोकाला नाव आणि त्याखाली नोंदणीचं बंदर लिहिलेलं असतं, ते वाचायची सवय होते. तिथं पनामा दिसलं म्हणून मालक पनामाचा असेलच असं नाही. जहाज विकलं की नावही बदलू शकतं. सात आकडी आयएमओ नंबर, म्हणजे जहाजाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, मात्र जन्मभर तोच, म्हणून वहीत तो उतरवा. दुर्बीण सात बाय पन्नासची घ्या, म्हणजे सातपट मोठं दाखवणारी, पन्नास मिलिमीटर भिंगाची. मी हौसेनं जास्त ताकदीची घेतली आणि हलत्या बोटीवर मला जहाजाऐवजी नुसता नाच दिसला.

कागदपत्रांचं थोडक्यात. जर्मनीच्या व्हिसाचा अर्ज कुठल्या केंद्रात द्यायचा ते आधी बघून घ्या. पासपोर्ट गेल्या 10 वर्षांतला, परतीच्या तारखेनंतर किमान 3 महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला हवा. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा. जन्मगाव बेळगाव की बेळगावी, हा वाद फॉर्मवर घालू नका. पासपोर्टवर छापलंय तेच लिहा.

बॅगेत वारा अडवणारं जॅकेट आणि कानटोपी हवीच. छत्री नदीकाठच्या वाऱ्यात उलटी होते. पॉवर बँक हातातल्या सामानात ठेवा. कुंदा नेऊ नका. दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात न्यायला बंदी आहे, आणि विमानतळावर कुंदा टाकून द्यायचं दुःख बेळगावकरालाच कळेल. शेंगाचटणी चालते.

शहरातल्या आल्स्टर तलावात शिडाच्या बोटी फिरतात. बसणार असाल तर मऊ तळव्याचे बूट घाला, आणि एक शब्द पाठ करा: ‘रे!’ बोट वळवताना जर्मन नावाडी हेच ओरडतो. आपल्याला वाटतं कुणीतरी हाक मारली, म्हणून आपण मान वर करतो, आणि नेमका तेव्हाच शिडाखालचा आडवा दांडा डोक्यावरून जातो. तेव्हा ‘रे’ ऐकलं की वाकायचं.

बंदर बघायला महागड्या फेरीची गरज नाही. लांडुंग्सब्र्युकेन धक्क्यावरून सुटणारी 62 नंबरची फेरीबोट शहर वाहतुकीच्या साध्या तिकिटावर चालते. वरच्या डेकवर जागा धरा. एक दिवस मात्र हॅम्बुर्गजवळच्या, एल्बेकाठच्या वेडेल गावासाठी राखून ठेवा. तिथं 1952 पासून येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या जहाजांना झेंडा झुकवून सलामी देतात आणि त्या जहाजाच्या देशाचं राष्ट्रगीत वाजवतात. आदल्या रात्री मरीनट्रॅफिक या जहाजांचा ठावठिकाणा दाखवणाऱ्या वेबसाइटवर कोण कधी येतंय ते बघून ठेवा. मालाच्या वजनानं पाण्यात खूप खोल बसलेली जहाजं भरतीच्या हिशेबानं येतात, त्यामुळं वेळ रोज सरकते. सूर्यास्तानंतर सलामी नसते. अंधारात पोचणारं जहाज यादीतून काढून टाका.