शाळा सुटायच्या आधीच काजूचं टेबल
‘बारावी होऊ दे, मग बघू’ असं आपण म्हणतो आणि बौद्धिक दिव्यांग मुलगा दोन वर्षं घरी बसतो. त्यापेक्षा शाळेच्या शेवटच्या मे महिन्यातच ओळखीच्या काजू कारखान्यात रोज दोन तास पाठवा. शिकायला वेळ लागणाऱ्याला नुसत्या तोंडी सूचना नकोत. तीन ट्रे मांडा, प्रत्येकावर नमुना चिकटवा: अख्खा गर, पाकळी, तुकडा. आठवडाभर फक्त अख्खे वेचू देत. कारखान्यात जाताना एसटीत आधी त्याच्या शेजारी बसा, मग मागच्या सीटवर.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, मात्र आत्ताच काढा. दिव्यांगत्व किमान 40 टक्के असेल, तर 2016 च्या कायद्याने सरकारी नोकरीत 4 टक्के आरक्षण आहे. ऐन अर्जाच्या वेळी दाखल्यासाठी धावाधाव होते.

आणि मालकाकडे ‘तेवढा सांभाळून घ्या’ असं गयावया करू नका. किलोमागे मजुरीचा दर विचारा.