टॉवरवर चढण्याआधी

पवनचक्कीवरच्या कामाची तयारी आदल्या रात्रीपासूनच सुरू करा, आणि यादीत पहिली लिहा ती झोप. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका मंदावतो, हे प्रयोगांत दिसून आलं आहे. दारू पिऊन शिडीला हात लावायचं कुणाच्या मनातही येत नाही. अर्धवट झोपेलाही तोच नियम लावा. झोप झाली नसेल, डोकं गरगरत असेल, नवी गोळी सुरू केली असेल, तर सकाळी सुपरवायझरला सांगून टाका. आणि सुपरवायझर तुम्हीच असाल, तर असं सांगणाऱ्याला त्या दिवशी खालचं काम द्या, कपाळाला आठी न घालता. ती आठी एकदा दिसली की पुढच्या वेळी कुणी तोंड उघडत नाही.

साईटवर पोचलात की हवामानाचा अंदाज पुन्हा बघा. वाऱ्याची मर्यादा उत्पादकाच्या मॅन्युअलमधूनच घ्या. नॅसेलच्या (टॉवरच्या टोकावरच्या यंत्रखोलीच्या) आत, हबमध्ये (पाती जिथं जोडलेली असतात त्या मधल्या भागात) आणि नॅसेलच्या छतावर ती वेगवेगळी असते. मग दोन आकडे कागदावर लिहा: वारा कितीवर गेला की उतरायचं, आणि किती वाजता आवरायला घ्यायचं. हे जमिनीवरच ठरवा असं मी आग्रहानं सांगते. वर शेवटचे दोन बोल्ट राहिलेले असतात, मशीन बंद असल्यानं खालून विचारणा सुरू असते आणि ‘एवढं उरकूनच टाकू’ हे वाक्य आपोआप तोंडात येतं. तेव्हा लिहिलेला आकडा वाद घालत नाही. विजांचा इशारा असेल तर चढूच नका. गडगडाट ऐकून उतरायला निघालात तरी ८० मीटरची शिडी संपायला वेळ लागतो.

हार्नेस, म्हणजे अंगावर बांधायचे सुरक्षापट्टे, आधी स्वतः तपासा: शिलाई, बकल, लेबलवरची तारीख, धक्का शोषणारं पाकीट. मग जोडीदारासमोर उभे राहा आणि त्याला हात लावून तपासू द्या. एकदा माझ्या कॅराबिनरच्या (दोर अडकवायच्या कडीच्या) तोंडात जॅकेटची दोरी अडकली होती. तोंड मिटल्यासारखं दिसत होतं, पण लॉक बसलं नव्हतं. मी स्वतः दोनदा बघितलं होतं. जोडीदारानं बोटानं दाबलं तेव्हा ते उघडलं. तेव्हापासून ‘बघितलं’ एवढं मला पुरत नाही.

हत्यारं मोजून घ्या, प्रत्येकाला दोरी बांधा. ८० मीटरवरून सुटलेला पाना साधारण ४ सेकंदांत खाली येतो, ताशी १४० किलोमीटरच्या आसपास वेगानं. हॅच (मजल्यातलं झडपेचं दार) ओलांडली की ती लगेच बंद करा, आणि शिडीखाली कुणी उभं राहणार नाही हे आधी बोलून घ्या.

टर्बाइन रिमोटवरून सुरू होणार नाही याची कंट्रोल रूमकडून खात्री करा. लॉकआउटचं कुलूप (काम चालू असताना मशीन कुणी सुरू करू नये म्हणून लावायचं) ज्याचं त्याचं, किल्ली ज्याची त्याच्याच खिशात. व्होल्टेज शून्य आहे हे मीटरनं बघा, हायड्रॉलिकचा साठलेला दाब उतरवा, हबमध्ये शिरण्याआधी पाती फिरू न देणारं रोटर लॉक बसवा.

वॉकी-टॉकीवरच्या बोलण्याचा सराव मात्र फारसं कुणी करत नाही. आपल्या मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘ब्रेक सोडू नको’ म्हणताना बटण जरा लवकर सुटलं, तर पलीकडे पोचतं ‘ब्रेक सोडू’. ऐकणाऱ्याला वाटतं तुम्हीच सोडताय, किंवा विचारताय. म्हणून मनाई करायची तर ‘थांब’ हा शब्द आधी, बाकीचं नंतर. ऐकणाऱ्यानं पूर्ण सूचना परत म्हणायची, आणि तुम्ही ‘बरोबर’ म्हणेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. चढण्याआधी पाच मिनिटं खालीच हे करून बघा, नवा माणूस असेल तर दहा.

सुटकेची योजना ‘कीट वर आहे’ (म्हणजे दोरानं खाली उतरायचं साहित्य) एवढ्यावर सोडू नका. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचतं, त्यामुळे बाहेरून मदत येईपर्यंत थांबता येत नाही. त्याला खाली आणायचं ते जोडीदारानंच. म्हणून एकट्यानं चढू नये, आणि दोघांनाही कीट वापरता यायला हवं. २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या ओल्टखेन्सप्लाट इथं नॅसेलला आग लागली, उतरायची वाट बंद झाली आणि दोन तरुण तंत्रज्ञांचा जीव गेला. म्हणून चढण्याआधी एकमेकांना विचारा: आग शिडीच्या बाजूला लागली तर आपण कुठल्या तोंडातून उतरणार, आणि तेव्हा दोर कुणाच्या हाताशी असेल? कीट शिडीजवळ ठेवून तुम्ही मागच्या टोकाला काम करणार असाल, तर वर पोचताच ते आपल्या बाजूला घ्या.

पाणी आवश्यक वाटतं त्यापेक्षा जास्त न्या. उन्हात नॅसेल भट्टीसारखं तापतं. उतरल्यावर आधी माणसं मोजा, मग हत्यारं, आणि त्यानंतरच आपलं कुलूप काढा.