मान-खांदे आखडलेत? मग आधी जेवणाच्या वेळा बघा

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मानेवर बोट ठेवून "इथे गाठ झालीय, तेवढी मोडून द्या" असं सांगणारी माणसं माझ्याकडे रोज येतात. हात लावला की खांद्याचा स्नायू खरंच दगडासारखा लागतो. तरी मी आधी विचारते, "दुपारी किती वाजता जेवलात? शेवटची कॉफी कधी घेतली? रात्री झोप लागते का?" मान दुखतेय आणि ही जेवणाची चौकशी का करतेय, असं समोरच्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं.

त्याचं कारण असं. ताणामुळे आखडलेला स्नायू बहुतेक वेळा आखूड झालेला नसतो. त्याला आवळून राहण्याचा हुकूम मज्जासंस्थेकडून येत असतो. धोका जाणवला की अ‍ॅड्रेनलिन वाढतं, खांदे कानांकडे चढतात, दातांवर दात बसतात आणि श्वास छातीच्या वरच्या भागातच घुटमळतो. संकट टळलं की हा हुकूम मागे घेतला जातो. पण कामाची धास्ती, घरातलं आजारपण, कर्ज अशा गोष्टी दिवसाअखेर टळत नाहीत. त्यामुळे हुकूमही चालूच राहतो. मालिश केल्यावर तासाभराचा आराम मिळतो आणि मान पुन्हा धरते, ती म्हणूनच.

मात्र प्रत्येक आखडलेपण ताणाचं नसतं. जबडा, डावा हात किंवा छातीत कळ येऊन घाम फुटला, तर घरी काही करत बसू नका, ताबडतोब हॉस्पिटल गाठा. तापासोबत मान ताठ होणं, हातापायातली ताकद कमी होणं, मुंग्या वाढत जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं यांनाही थांबायला वेळ नसतो.

यातलं काही नसेल, तर सुरुवात जेवणाच्या वेळांपासून करा. जेवण फार लांबलं आणि रक्तातली साखर उतरू लागली की ती सावरण्यासाठी शरीर अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल सोडतं. म्हणजे ताणाच्या वेळी जी रसायनं वाढतात, तीच. आधीच धास्तावलेल्या माणसाने दुपारचं जेवण चार वाजेपर्यंत ढकललं, तर शरीराला त्या धास्तीत भर टाकायला आणखी एक निमित्त मिळतं. फार काही अवघड करायचं नाही. उठल्यावर दोनेक तासांत खा, आणि जागेपणी चार-पाच तासांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नका. प्रत्येक वेळी ताटात थोडं प्रथिन हवं: डाळ, कडधान्य, दही, अंडं, मासा, जे तुम्ही खाता ते. नुसत्या गोड किंवा मैद्याच्या खाण्यावर भूक लवकर परत येते. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल, तर वेळा डॉक्टरांना विचारूनच बदला.

दुसरी गोष्ट कॅफीन. इथे लोक माझ्याशी वाद घालतात. "मला कॉफी घेऊनही झोप लागते," म्हणतात. लागत असेल, पण ती उथळ होते. कॅफीन निम्मं उतरायला बहुतेकांना सुमारे पाच तास लागतात. संध्याकाळी ५ ला घेतलेल्या कॉफीतलं जवळपास निम्मं कॅफीन रात्री १० वाजता अंगात असतंच. निरोगी प्रौढासाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन साधारणपणे चालतं, गरोदरपणात २०० च्या आत. पण स्नायू आखडलेल्या माणसाने मला विचारलं तर मी प्रमाणापेक्षा वेळेवर भर देते: दुपारी १२ नंतर कॉफी नको, चहासुद्धा दोनच्या पुढे नको. एकदम बंद केलंत तर डोकं दुखेल, म्हणून रोज थोडं थोडं कमी करा. दारूचंही तसंच. तिने डोळा लवकर लागतो आणि मध्यरात्रीनंतरची झोप मोडते.

आता मॅग्नेशियम, कारण त्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त प्रश्न येतात. स्नायू आवळतो तेव्हा त्याच्या पेशींत कॅल्शियम सुटतं. सैल होताना ते परत साठ्यात ओढून न्यावं लागतं आणि त्याला ऊर्जा लागते. सैल होणं ही फुकट होणारी क्रिया नव्हे. ही ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपी नावाच्या पेशींतल्या रेणूला काम करायला मॅग्नेशियमची साथ लागते. म्हणून आहारात त्याची कमतरता नको, हे अगदी खरं. पण म्हणून गोळी घेतली की मान सुटेल, असं होत नाही. कमतरता नसताना गोळ्यांनी पेटके किंवा आखडलेपण जातं याला भक्कम आधार नाही.

प्रौढांना दिवसाला साधारण ३०० ते ४२० मिलिग्रॅम मॅग्नेशियम लागतं. मूठभर, म्हणजे २८ ग्रॅम भोपळ्याच्या बियांत दीडशेच्या आसपास मिळतं, तेवढ्याच बदामांत ८०, अर्धा कप शिजवलेल्या पालकात जवळपास तितकंच. कडधान्यं आणि अख्खी धान्यं धरलीत तर उरलेला हिशेब ताटातच पूर्ण होतो. गोळीच घ्यायची असेल तर डॉक्टरांशी बोला. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये. काही अँटिबायोटिक आणि थायरॉइडच्या गोळ्या मॅग्नेशियमसोबत घेतल्या तर नीट शोषल्या जात नाहीत. जास्त डोसने जुलाब होतात, ते वेगळंच.

पाण्याबद्दल थोडक्यात: लघवी फिकट पिवळी असली की पुरेसं पीत आहात.

खाणं ताळ्यावर आलं की तो हुकूम थेट मागे घ्यायला शिका. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी स्नायू टप्प्याटप्प्याने सैल करण्याची पद्धत मांडली आणि १९२९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. आजही मी तिचंच सोपं रूप शिकवते. आडवे व्हा किंवा पाठ टेकून बसा. खांदे हळूहळू कानांकडे उचला, पूर्ण जोर लावू नका, अर्ध्याहून थोडा जास्त पुरे. मनात पाच आकडे मोजा. मानेच्या मुळाशी, दोन्ही बाजूंना, कुठे ओढ बसते ते नीट जाणवू द्या. मग श्वास सोडता सोडता खांदे एकदम सोडून द्या. हळू उतरवायचे नाहीत, सोडायचे. त्यानंतरचे वीस-तीस सेकंद काहीही करू नका. गंमत तिथेच आहे: पाच-सात सेकंदांनी खांदे आणखी थोडे उतरतात. सोडले असं तुम्हाला वाटलं होतं, तेव्हाही थोडी पकड शिल्लक होती, हे तेव्हा कळतं. मुठी, कपाळ, पोट, मांड्या, पोटऱ्या असंच करत जा. पोटरीत गोळा येण्याची सवय असेल तर तिथे जोर अगदी हलका ठेवा.

जबड्याला मात्र आवळायला लावू नका, तो दिवसभर तेच करत असतो. ओठ मिटलेले, दात सुटलेले, जीभ वरच्या दातांच्या मागे टाळूला हलकी टेकलेली, ही त्याची विश्रांतीची ठेवण. फोन वाजला की दात तपासा. जवळपास प्रत्येक वेळी ते चिकटलेले सापडतील.

यासोबत श्वास. मिनिटाला साधारण सहा, म्हणजे चार सेकंद आत आणि सहा सेकंद बाहेर, पाच मिनिटं. चक्कर आल्यासारखं वाटलं तर श्वास फार मोठा घेताय, लहान करा. शेक द्यायचा तर पंधरा-वीस मिनिटं, कापड मध्ये ठेवून, आणि शेकाची पिशवी अंगाखाली घेऊन झोपू नका, त्वचा भाजते.

दिवसा दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून दोन मिनिटं चाला. मानेला कडाकडा झटके देऊन "मोकळी" करणं मला अजिबात मान्य नाही. आणि दुखतंय म्हणून दिवसभर पडून राहू नका, त्याने आखडलेपण वाढतं. रात्री किमान सात तास झोप हवी. ती होत नसेल, तर वरच्या सगळ्या खटाटोपाचा निम्मा उपयोग वाया जातो, असं माझं पक्कं मत आहे.

एक छोटी वही ठेवा. रोज झोपताना मान किती आखडली आहे याला शून्य ते दहा आकडा द्या. शेजारी शेवटच्या जेवणाची वेळ, शेवटची कॉफी, आदल्या रात्रीची झोप लिहा. दोन-तीन आठवड्यांत आकडा उतरू लागला तर जे करताय ते चालू ठेवा. जागचा हललाच नाही, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. ड जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, कोलेस्टेरॉलसाठी दिलं जाणारं स्टॅटिन यांनीही स्नायू दुखतात. तुम्ही घेता त्या सगळ्या औषधांची यादी सोबत न्या. स्टॅटिनचा संशय आला तरी गोळी परस्पर बंद करू नका, आधी त्यांना विचारा.